उपाशी शेवाळाचं तेल

अंबरनाथच्या एमआयडीसीत पाणी तपासणारी एक खासगी लॅब आहे, तिथे मी नोकरीला होते. कारखान्यांच्या सांडपाण्याचे, सोसायट्यांच्या टाक्यांचे, बोअरवेलचे नमुने यायचे. मी मायक्रोबायॉलॉजीवाली. जंतू वाढवायचे, मोजायचे, रिपोर्टवर सही करायची आणि पुढची बाटली घ्यायची. पाणी खराब निघालं तरी माझं काम सहीपाशी संपायचं. त्या पाण्याचं पुढे काय झालं हे कुणी कळवत नसे, आणि आपण विचारायची पद्धतही नव्हती. चाळिशी जवळ आली होती. दुपारी डबा खाऊन झाला की मी मागच्या गेटपर्यंत उगाचच जाऊन यायचे, आणि आल्यावर परत जायचे. शेजारच्या टेबलावरची मुलगी विचारायची, "ताई, पायाला भिंगरी लागलीय का तुमच्या?"

अशाच एका दुपारी ते आले. साठीच्या पुढचे, उंच, पांढरा कुर्ता-पायजमा आणि खाली स्पोर्ट शूज. हातात कोल्ड्रिंकची बाटली आणि तिच्यात हिरवंगार पाणी.

"मॅडम, यात तेल आहे का, तेवढं बघून सांगा."

मी म्हटलं, हे शेवाळ आहे. त्यांनी मान हलवली. ते त्यांना ठाऊकच होतं. उल्हासनगरला त्यांचा जीन्स धुण्या-रंगवण्याचा कारखाना होता. रंगाच्या पाण्यावरून तक्रारी झाल्या, आसपासचे सगळेच कारखाने बंद झाले, त्यात त्यांचाही. मागच्या आवारातल्या हौदात पाणी साचून राहिलं आणि ते असं हिरवं झालं. मग भाच्याने त्यांना मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा परदेशात शेवाळातून डिझेल काढतात, शेत लागत नाही, गोडं पाणी लागत नाही, हवेतला धूरसुद्धा ते शेवाळ खातं.

"खरं आहे का हे? की नुसता व्हिडिओ आहे?"

"खरं आहे," मी म्हटलं. "शेंगदाण्यात असतं तसं थोडं तेल प्रत्येक शेवाळात असतं. काहींत बरंच असतं. काढताही येतं. परवडतं का, हा प्रश्न वेगळा."

ते स्टुलावर बसले ते तासभर उठले नाहीत. मीही उठले नाही. कॉलेजात शिकलेलं, कधीच वापरात न आलेलं सगळं मी त्यांना सांगत बसले. पाम तेलासाठी जंगल तोडावं लागतं, मक्याचं इंधन करायचं तर माणसाच्या तोंडचा मका जातो, शेवाळाला यातलं काही लागत नाही, एका दिवसात ते दुप्पट होऊ शकतं. बोलताना माझा आवाज वाढला असावा, कारण शेजारची मुलगी दोनदा वळून बघत होती.

ते पुन्हा आले, मग पुन्हा आले. चौथ्या-पाचव्या खेपेला म्हणाले, "मी जागा बघितली आहे. तू येतेस का?" तोवर ते मला 'पुट' म्हणायला लागले होते. सिंधीत मुलाला पुट म्हणतात, पण लाडाने मुलीलाही चालतं. आणि त्यांच्याकडचे सगळे त्यांना म्हणत तसं मी त्यांना दादा म्हणत होते.

घरी सांगितलं तेव्हा नवरा सेकंड शिफ्टला निघायच्या तयारीत होता. तो औषधाच्या कंपनीत आहे.

"म्हणजे तू आता शेवाळ राखणार?"

"हो."

"आपल्या टाकीत आलं तर आपण ब्रशने घासून काढतो."

"म्हणूनच. आपण घासूनही ते परत येतं ना?"

तो बूट घालता घालता हसला. मग म्हणाला, "लॅबमध्ये तू सुखी नाहीस हे मला दिसतंय. पण तिकडे तरी असशील का, ते माहीत नाही." मलाही माहीत नव्हतं. त्या महिन्याच्या शेवटी मी नोकरी सोडली.

जागा बदलापूरच्या पलीकडे होती, बारवी धरणाच्या रस्त्याला. एका आगरी कुटुंबाची वरकस जमीन. म्हणजे माळाची, खडकाळ, भात न होणारी. बाकीची जमीन बंगल्यांच्या प्लॉटसाठी गेली होती, हा तुकडा कुणी मागितला नव्हता. मालकीण एक विधवा बाई होत्या. त्यांची दोन्ही मुलं कंपनीत कामाला. त्या स्वतः घराजवळच्या विहिरीवर भेंडी, काकडी, वांगी काढायच्या आणि बदलापूरच्या बाजारात नेऊन विकायच्या. मी त्यांना काकी म्हणायचे. पहिल्या दिवशी त्यांनी मला नीट निरखून विचारलं, "बाय, शेवालाचा तेल काय खायाचा?"

"नाही काकी, गाडीत घालायचं."

"मंग बरा," त्या म्हणाल्या आणि चहा ठेवायला आत गेल्या.

दादांनी सगळं उल्हासनगरहून उभं केलं. त्या गावात काय हवं ते सांगा, कुणीतरी आठवड्यात बनवून देतो. शेततळ्याला अंथरतात तो जाड प्लास्टिकचा कागद आणला. खडकावर दोन लांबट तळी केली, धावण्याच्या ट्रॅकसारखी, मधे बुटकी भिंत, म्हणजे पाणी गोल फिरत राहील. फिरवायला पात्यांचं चाक, आणि त्याला कारखान्यातल्या जुन्या वॉशिंग मशिनची मोटर. खोली जेमतेम वीतभर, कारण त्याहून खोल पाण्यात खालच्या शेवाळाला ऊन मिळत नाही.

बी म्हणून मी लॅबच्या ओळखीतून एक शुद्ध कल्चर मिळवलं होतं. आधी चंबूत, मग बरणीत, मग टबात वाढवलं आणि हिवाळा लागताना तळ्यात सोडलं. पाणी आधी पोपटी झालं, मग गवतासारखं, मग इतकं गडद की बुडवलेला हात दिसेना. दादा काठावर उभे राहून मोबाइलने फोटो काढत होते. प्रत्येक फोटो सारखाच येत होता, तरी काढत होते.

तेव्हापासून माझी झोप उडाली. लॅबमध्ये निदान संध्याकाळी दार बंद करून निघता यायचं. इथे वीज गेली की चाक थांबायचं, चाक थांबलं की शेवाळ तळाशी बसायचं, आणि बसून राहिलं तर कुजायचं. मी अंबरनाथ पूर्वेला राहते. सकाळी स्कूटरवर निघायचे. चिखलोलीला नव्या इमारतींच्या कामामुळे ट्रक आडवे यायचे, तिथे थांबलं की मनात पाण्याचा रंग दिसायला लागायचा. पोचल्यावर डबासुद्धा खाली न ठेवता आधी थेंब काचेवर घ्यायचा आणि मायक्रोस्कोपला डोळा लावायचा. सगळं ठीक दिसलं की तासाभराने परत घ्यायचा. रविवारी घरी भाजी निवडताना नवरा म्हणायचा, "तू इथे नाहीयेस." मी म्हणायचे आहे की. आणि पाच मिनिटांनी काकींच्या मुलाला फोन लावायचे, चाक फिरतंय का बघ म्हणून.

पहिला अडथळा आला तो शेवाळाच्या स्वभावाचा. तो मला पुस्तकातून माहीत होता, पण पुस्तकातलं माहीत असणं निराळं. पोटभर युरिया मिळाला की शेवाळ भराभर वाढतं, पण तेल धरत नाही. त्याला गरजच नसते. खत तोडलं, उपाशी ठेवलं, की ते घाबरून तेल साठवू लागतं, पण मग वाढणं थांबतं.

दादांना हे समजावलं तेव्हा ते पाण्याकडे बघत होते.

"मग उपाशी ठेव."

"ठेवते. पण जास्त ठेवलं तर मरेल. आणि आधी वाढवलं नाही तर उपाशी ठेवायला उरणार काय?"

"किती दिवस ठेवायचं?"

"तेच शोधायचंय."

मग पुढचं तळं खाऊ घालायला आणि मागचं उपाशी ठेवायला, अशी वाटणी केली. मागच्या तळ्याचा हिरवा रंग फिका पडत पिवळ्याकडे जायचा आणि मायक्रोस्कोपखाली एकेका पेशीत चकाकणारे थेंब दिसायचे. तेच तेल. ते थेंब पहिल्यांदा दिसले तेव्हा मी काकींना ओढत आणून दाखवले. त्यांनी एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाल्या, "चांगला हाय. पन बारीक हाय."

बारीक होतंच. इतकं, की गाळता येत नव्हतं. मलमल लावून पाहिलं, साड्यांचं कापड लावलं, दादांनी कारखान्यातून जीन्सचं जाड कापड आणलं. शेवाळ एकतर आरपार जायचं नाहीतर कापड बुजवून टाकायचं. शेवटी तुरटी घातली. तुरटीने ते गुठळ्या होऊन खाली बसलं आणि वरचं पाणी काढता आलं. खालचा चिखल काकींच्या पत्र्यावर प्लास्टिक टाकून पापडासारखा वाळत घातला. सुकताना त्याला सुक्या बोंबलाचा वास यायचा आणि कावळे जमायचे. काकी काठी घेऊन बसायच्या. मी म्हणायचे, तुम्ही उठा, मी बसते. पण मला एका जागी बसवत नसे, हे त्यांना लवकरच कळलं.

सुकलेली हिरवी पूड पोत्यात भरून आम्ही अंबरनाथला नेली. दादांच्या एका मित्राचं तिथे सॉल्व्हंट वापरून अर्क काढायचं लहान युनिट होतं. शेंगदाण्यासारखं दाबून हे तेल निघत नाही, पेशीची भिंत चिवट असते. तेल विरघळवणाऱ्या सॉल्व्हंटमध्ये भिजवायचं, उकळवून सॉल्व्हंट उडवायचं, मागे राहील ते तेल. दिवसभर उभं राहून हातात आलं ते काळपट हिरवं, काकवीसारखं घट्ट. सोड्याची एक बाटलीसुद्धा भरली नाही. दादांनी ती उन्हात धरली. त्यातून प्रकाश जात नव्हता.

"तेल आहे ना?"

"तेल आहे."

"बस," ते म्हणाले. "बाकी नंतर बघू."

चैत्रात त्यांनी मला आणि नवऱ्याला चेटीचंडला घरी बोलावलं. सिंध्यांचं नवं वर्ष, झुलेलालाचा दिवस. घरात ताटात दिवा, पाण्याने भरलेला कलश, फळं, साखर मांडलेली. संध्याकाळी ते ताट वाजतगाजत पाण्यावर न्यायचं असतं. निघायच्या आधी दादा मला बाल्कनीत घेऊन गेले.

"आमचा देव पाण्याचा आहे, पुट," ते म्हणाले. "दरसाल मी ताट डोक्यावर घेऊन पाण्यात उतरतो आणि दीप सोडतो. आणि बाकीचं वर्षभर माझ्या कारखान्याच्या पाइपातून नदीत निळं पाणी जायचं. लोक म्हणायचे, काय करणार, धंदा आहे. मीही म्हणायचो. कारखाना बंद झाला तेव्हा मला राग आला होता. आता राग नाही. पण एक टेम्पो तरी चालवायचा आहे मला या हिरव्या तेलावर. मेल्यावर तिथे वर विचारलं तर सांगायला."

आत बायका गात होत्या. नवऱ्याने ताटातली ताहिरी, म्हणजे गोड भात, आवडीने खाल्ली. येताना तो म्हणाला, "हा माणूस खरा आहे. म्हणून मला तुझी काळजी वाटते."

उन्हाळा चढला आणि तळी आटू लागली. पाणी वीतभर खोल आणि पसरट, वरून रणरणतं ऊन, आणि चाक ते सतत ढवळतंय. सकाळी भरावं तर संध्याकाळी काठावर हिरवी रेघ कोरडी पडलेली असायची. दादांनी मारलेल्या बोअरचा पंप आम्ही सकाळ-संध्याकाळ चालवत होतो. समुद्राचं किंवा सांडपाण्याचं पाणी चालतं हे खरं, पण माळावर ते आणणार कुठून?

एके सकाळी पोचले तर पंपाच्या खोलीला कुलूप. चाकं फिरत होती पण पाणी खाली गेलं होतं. काकी ओट्यावर वांगी निवडत बसल्या होत्या. वांगी थोडीच होती, सुरकुतलेली.

"काकी, चावी कुठे आहे?"

"माज्याकडं."

"पाणी सोडायला हवं. नाहीतर मरेल ते."

"माज्या हिरीचा तल दिसतो, बाय. तू बोअरचा पंप लावतंस नि माजी हीर खाली जाते. भेंडी गेली. काकडी गेली. मी बाजारात काय नेऊ? तुजा शेवाल?"

त्या चिडल्या नव्हत्या. एक वांगं उचलत होत्या, बघत होत्या, बाजूला टाकत होत्या. मी विहिरीपाशी जाऊन वाकून पाहिलं. तळातला खडक दिसत होता आणि मधे परातीएवढं पाणी. शेत लागत नाही, माणसाच्या तोंडचं अन्न जात नाही, असं मी लॅबमध्ये दादांना केवढ्या जोरात सांगितलं होतं. मी परत येऊन काकींजवळ बसले आणि वांगी निवडायला लागले.

"आधी तुमच्या भाजीला पाणी. मग उरेल ते मला," मी म्हटलं. "आणि मागचं तळं मी अर्धं करते."

"तुज्या दादाला चालल?"

"त्यांना मी सांगते."

त्यांनी चावी काढून दिली. तरी पुढचे काही दिवस त्या माझ्याशी कामापुरतंच बोलायच्या, आणि मला ते शेवाळ मेल्यापेक्षा जास्त लागत होतं.

दादांना मात्र फक्त पाण्याचं सांगून भागणार नव्हतं. गेले काही आठवडे मी मनात हिशोब करत होते, पैशांचा नव्हे, ऊर्जेचा. चाक दिवसरात्र फिरतं त्याची वीज. पंपाची वीज. युरिया कारखान्यात गॅस जाळून बनतो, तो गॅस. पूड वाळवायला ऊन फुकट, पण पावसाळ्यात ऊन नाही. सॉल्व्हंट उकळवायला लागणारी वाफ. आणि तेलाचं डिझेल करायला मिथेनॉल, तेही बाहेरूनच येणार. हे सगळं एका पारड्यात आणि आमची ती सोड्याची बाटली दुसऱ्यात. मी पुन्हा पुन्हा वेगळ्या बाजूने मांडून बघत होते. कुठूनही मांडलं तरी आम्ही जितकं जाळत होतो त्याच्या जवळपासही परत मिळत नव्हतं.

अर्क काढायच्या दुसऱ्या खेपेला आम्ही पोती युनिटवर उतरवली, आणि वाट बघायची होती म्हणून दादा म्हणाले, शिवमंदिरात जाऊन येऊ. दर्शन घेतलं, बाहेर येऊन वालधुनीच्या कडेला थांबलो. ही नदी इथून पुढे उल्हासनगरात जाते. दादा तिच्याकडे बघत होते. मी तिथेच सांगायला सुरुवात केली आणि सगळं सांगितलं.

त्यांनी मधे तोडलं नाही. संपल्यावर म्हणाले, "मोठं केलं तर? दोन तळी म्हणजे खेळणं आहे. शंभर केली तर?"

"शंभर तळ्यांना शंभर चाकं लागतील, दादा. आणि शंभर तळ्यांचं पाणी. मोठमोठ्या कंपन्यांनी करून पाहिलंय. त्यांनाही हेच नडलं. गाळणं, वाळवणं, तेल काढणं. वाढवणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग आहे."

"मग तू आलीस कशाला?"

हे त्यांनी हळूच विचारलं.

"जमेल असं वाटलं होतं. अजूनही वाटतं, कधीतरी, कुणालातरी जमेल. चांगलं शेवाळ मिळेल, गाळायची स्वस्त युक्ती निघेल. पण ते आपण नाही, आणि या माळावर नाही."

दादांनी नदीकडे पाठ केली, रिक्षाला हात केला आणि एकटेच निघून गेले. युनिटवर मी परत गेले, तेल घेतलं आणि घरी आले.

त्यानंतर कितीतरी दिवस त्यांचा फोन नाही. मी केला तर उचलला जाईना. पगार मात्र वेळेवर जमा झाला, त्याने मला आणखी कसंतरी झालं. नवरा म्हणाला, "मग आता जाऊ नकोस." पण तळ्यात जिवंत काहीतरी होतं आणि ते मी तिथे आणून सोडलं होतं. मी जात राहिले. थेंब बघायचे, चाकाला तेल घालायचे, काकींच्या भाजीला पाणी सोडायचे, मग दुपारभर दोन तळ्यांच्या मधल्या बांधावरून इकडून तिकडे चालत राहायचे. लॅब सोडली ती हेच टाळायला, आणि आता उन्हात तेच करत होते. काकी ओट्यावरून हाक मारायच्या, "बस गं जरा, चक्कर येल." त्या परत नीट बोलायला लागल्या होत्या, एवढंच त्या दिवसांत बरं झालं.

एका सकाळी पुढचं तळं तपकिरी झालेलं दिसलं. आदल्या दिवशी ते हिरवं होतं. थेंब काचेवर घेतला. शेवाळाच्या पेशी जवळपास संपल्या होत्या आणि सगळीकडे एक सूक्ष्म प्राणी फिरत होता, तोंडापाशी केसांचं चक्र असलेला, पोट हिरव्याने गच्च भरलेला. उघड्या तळ्यात तो कधी ना कधी येतोच, वाऱ्याने, पक्ष्यांच्या पायांनी. मी दादांना मेसेज पाठवला, 'पुढचं तळं गेलं.'

दुपारी ते आले, टेम्पो घेऊन, स्वतः चालवत. काठावर उकिडवे बसून त्यांनी पाण्यात हात घातला आणि नाकाशी नेला.

"किसने खाया?"

मी मायक्रोस्कोप दाखवला. ते बराच वेळ बघत राहिले.

"अरे, हे तर खूश आहेत," ते म्हणाले. आणि किती दिवसांनी हसले. मलाही हसू आलं, पण हसता हसता डोळे भरून आले, म्हणून मी काच धुवायला गेले.

मागून येऊन ते म्हणाले, "तू सांगितलंस ते खरं आहे. मी दुसऱ्या दोन जणांना विचारलं. तेही तेच म्हणाले. पण मागच्या तळ्यात आहे तेवढं काढू. एकदा चालवू. मग बंद."

मागच्या तळ्यातलं सगळं काढलं, वाळवलं, अर्क काढला. आधीचं तेल त्यात मिसळलं. युनिटवरच मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून मी ते ढवळलं. खाली ग्लिसरिन बसलं, वर पातळ, हिरवट पिवळं इंधन आलं. एक लहान कॅन. टेम्पोची टाकी रिकामी करून त्यात ते ओतलं. निम्मं साधं डिझेल मिसळू असं मी म्हणत होते, कारण इंजिनची खात्री नव्हती. दादा म्हणाले, "नाही. निव्वळ."

काकी टोपल्या घेऊन उभ्या होत्या. त्या दिवशी बदलापूरचा बाजार होता. पाणी मिळाल्यावर थोडी भेंडी आली होती.

"जातंच हाय तर मना न्या," त्या म्हणाल्या.

दादा चालवायला, काकी मधे, मी खिडकीशी. टेम्पो दोनदा खोकला, मग चालू झाला. माळावरून रस्त्यावर आला, चढ चढला. दादांच्या दोन्ही हातांनी स्टीअरिंग असं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. मागून येणारा धूर तळणीसारखा आणि थोडा मासळीसारखा वास मारत होता.

"वास येतो," काकी म्हणाल्या.

"येऊ दे," दादा म्हणाले.

बाजारात काकींना उतरवलं. त्यांनी भेंडी मांडली. पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत आम्ही दोघं टेम्पोजवळ उभे होतो. दादांना घाम फुटला होता आणि ते सतत बॉनेटवर हात ठेवून बघत होते, जणू ताप बघतायत. परतीच्या वाटेवर रेल्वे फाटकाच्या आधी टेम्पो थांबला. टाकी कोरडी. दादा पेट्रोलपंपापर्यंत चालत गेले, साधं डिझेल आणलं आणि आम्ही घरी गेलो. त्या वाटेत त्यांनी एकदाच विचारलं, "चालला ना?"

"चालला."

माळावरचं सगळं आम्ही काढलं. काकींनी प्लास्टिकचा कागद ठेवून घेतला, पेंढ्यावर घालायला. मी पुन्हा लॅबमध्ये जावं असं घरच्यांना वाटत होतं, आणि मी अर्जही केला होता. पण दादांच्या बंद कारखान्यातले हौद माझ्या डोक्यातून जात नव्हते. त्यांच्या शेजारी चाळी आहेत, तिथलं सांडपाणी उघड्या गटारातून जातं. त्या पाण्यात शेवाळाला लागणारं सगळं खत आधीच असतं. युरिया नको, बोअर नको. शेवाळ ते खातं आणि पाण्यात ऑक्सिजन सोडतं. मी दादांना म्हटलं, तेल विसरा, पाणी बघू.

"तेल विसरायचं?" ते म्हणाले. "मग त्या शेवाळाचं काय?"

"खत."

"खत तो गोबर से भी होता है," ते कुरकुरले. पण हौद साफ करून दिले.

आता तिथे आहे मी. परवानग्यांचे कागद कुठे कुठे फिरतायत. दरम्यान दोन चाळींचं पाणी आम्ही घेतो. येतं ते काळं आणि घाण वासाचं, जातं ते पिण्याजोगं नाही, पण त्याचा वास येत नाही. चाळीतल्या बायका आधी नाक दाबून हौदापाशी यायच्या, आता कपडे वाळत घालायला येतात. हे काम चांगलं आहे हे मला कळतं. तरी काही दुपारी मी गेटपर्यंत जाऊन येते. तो काळपट हिरवा घट्ट थेंब हाताला कसा लागला होता, ते बोटांना अजून आठवतं, आणि मग मी पुन्हा सगळं पहिल्यापासून मांडायला लागते, गाळणं, वाळवणं, वीज. उत्तर तेच येतं. ते बदलत नाही म्हणून शांत बसावं, तर तेही जमत नाही.

परवा दादा आले. पायात तेच स्पोर्ट शूज, पण आता जिना चढताना थांबतात. खुर्चीवर बसायच्या आधीच बोलायला लागले. कुठेतरी काचेच्या उभ्या नळ्यांत शेवाळ वाढवतात, वरून बंद, म्हणजे किडा शिरत नाही, पाणी उडत नाही.

"नळ्या उन्हात तापतात," मी म्हटलं. "थंड करायला परत वीज."

"सावलीत ठेवू."

"सावलीत ऊन कुठून येणार?"

"फक्त एक नळी, पुट. जास्त नाही. एक लावून बघू."

मी नाही म्हटलं. मग कारण विचारलं तर सांगता यावं म्हणून मागच्या आवारात गेले, आणि पूर्वेच्या भिंतीवर सकाळचं ऊन कुठवर राहतं ते बघत उभी राहिले.